पॅट्सी क्लाइनचा ग्रेटेस्ट हिट्स अल्बम कसा ऐकायचा

कंट्री म्युझिक कुठून सुरू करू असं कोणी विचारलं की मी सरळ अमेरिकन कंट्री गायिका पॅट्सी क्लाइनचा हाच अल्बम सांगते. डेका या रेकॉर्ड कंपनीने १९६७ ला काढला, १२ गाणी आहेत, साधारण अर्ध्या तासात संपतो. पॅट्सी १९६३ मध्येच विमान अपघातात गेली, फक्त ३० वर्षांची होती हो, त्यामुळे हा अल्बम तिने बघितलाच नाही.

आधी यातलं एकटं 'क्रेझी' लावा, हेडफोन असेल तर उत्तमच. गाणं विली नेल्सनने लिहिलेलं. १९६१ ला कार अपघातात पॅट्सीच्या बरगड्यांना जबर मार बसला होता, वरचे सूर लागेनात, मग तिचा प्रोड्यूसर ओवेन ब्रॅडली याने म्युझिक आधी रेकॉर्ड करून ठेवलं आणि ती नंतर येऊन गायली. एकदा फक्त फ्लॉइड क्रेमरच्या पियानोकडे लक्ष द्या, मग परत लावून फक्त तिचा आवाज ऐका, ती तालाच्या किंचित मागे राहून शब्द सोडते आणि तरी कुठेच चुकत नाही, मला तर दर वेळी अंगावर काटा येतो.

मग पूर्ण अल्बम ऐका, शफल बंद ठेवून.

आणि एक, यातलं 'वॉकिन आफ्टर मिडनाइट' हे १९६१ ला परत रेकॉर्ड केलेलं आहे, १९५७ चं मूळ वेगळं शोधून लावा. त्यात स्टील गिटार आहे, नंतरच्यात मागे जॉर्डनेअर्स या गायकांच्या ग्रुपचा कोरस. मला मूळचंच जास्त आवडतं.