‘एल्स्ट्री कॉलिंग’ कसा पाहावा

ब्रिटिश इंटरनॅशनल पिक्चर्सने १९३० साली काढलेला ‘एल्स्ट्री कॉलिंग’ हा चित्रपट पाहायला बसताना कथानकाची अपेक्षा प्रथम बाजूला ठेवावी. एल्स्ट्रीच्या स्टुडिओतून दूरचित्रवाणीवर कार्यक्रम दाखवला जात आहे, एवढीच त्याची चौकट असून सूत्रधार टॉमी हँडली एकामागून एक गाणी, नाच आणि प्रहसने प्रेक्षकांपुढे आणतो. बीबीसीवरून संशोधक जॉन लोगी बेअर्ड यांची प्रायोगिक दूरचित्रवाणी सप्टेंबर १९२९ मध्येच सुरू झाली होती आणि तिचे चित्र अवघ्या ३० रेषांचे, म्हणजे फारच अस्पष्ट असे, हे आधी ठाऊक असले म्हणजे घरच्या संचाशी झटापट करणाऱ्या गॉर्डन हार्करचे मधले प्रसंग अधिक रंगतात. दिग्दर्शन एड्रियन ब्रुनेल यांचे आहे. मधल्या काही प्रसंगांसाठी मात्र श्रेयनामावलीत आल्फ्रेड हिचकॉक यांचे नाव आहे.

पहिल्यांदा चित्रपट न थांबवता पाहावा. दुसऱ्या वेळी कागद-पेन्सिल घेऊन प्रत्येक प्रयोगात कॅमेरा कुठे उभा आहे आणि दृश्य किती वेळा तुटते, याची नोंद करावी. बोलपटाच्या त्या आरंभकाळात कॅमेऱ्याचा आवाज ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून तो बंदिस्त ठेवावा लागे, त्यामुळे त्याला फारसे हलता येत नसे. अनेक समीक्षकांना हा तोकडेपणा वाटतो. मला तो या चित्रपटाचा सर्वांत मोठा ठेवा वाटतो, कारण त्यामुळेच म्युझिक हॉलच्या, म्हणजे गाणी-विनोदांच्या लोकप्रिय ब्रिटिश करमणुकीच्या, रंगमंचावरचे कलावंत जसे उभे राहून गात, तसेच आपल्यापर्यंत पोहोचले आहेत.

लिली मॉरिस यांच्यापाशी मुद्दाम थांबावे. दर वेळी करवलीच का, नवरी कधीच का नाही, अशी तक्रार करणारे गाणे पन्नाशीकडे झुकलेल्या या बाई गातात, तेव्हा आधी फक्त चेहरा पाहावा, मग दृश्य मागे नेऊन केवळ पावले पाहावीत आणि तिसऱ्यांदा डोळे मिटून शब्दांची फेक ऐकावी. शब्द, मुद्रा आणि चाल यांचा त्यांनी साधलेला मेळ असा वेगवेगळा करून पाहिल्याशिवाय ध्यानात येत नाही. स्कॉटिश विनोदवीर विल फाइफ यांनाही याच रीतीने पाहावे.

फिल्मवर साच्यांच्या साहाय्याने रंग भरलेल्या नृत्यांवर फार वेळ घालवण्याची गरज नाही. शेक्सपिअरचे विडंबन मात्र चुकवू नये. कजाग नायिकेच्या भूमिकेतील अॅना मे वाँग त्यात समोरच्यावर पाय फेकतात, आणि पाय म्हणजे अर्थातच क्रीम भरलेला खाद्यपदार्थ.