नवोदित लेखकाचा आवाज: कोकणातून लिहिताना

कोकणात वाढलेला नवा लेखक पहिल्या कथेत समुद्र, माड आणि लाल माती बहुधा आणतोच. त्यात गैर काही नाही, पण तेवढे वर्णन दोन दिवसांसाठी आलेला पर्यटकही करू शकतो.

आमच्या घरी हापूसची कलमे आहेत. जानेवारीत आभाळ भरून आले की मोहोरावर तुडतुड्याची कीड पडेल या धास्तीने घरातले बोलणे तुटक होते, आणि मे महिन्यात वाशीच्या दलालाकडून विक्रीच्या हिशेबाची पट्टी आली की खर्च वजा जाता उरलेला आकडा कोणी मोठ्याने वाचत नाही. हे लिहू लागल्यावर माझी वाक्ये आखूड झाली, विशेषणे गळाली आणि आवडत्या लेखकांची छाप पुसट होत गेली. शैली घडवायची म्हणून ती घडली नाही. जे सांगायचे होते, त्याला तशीच वाक्ये लागत होती.

सुरुवातीच्या अनुकरणाला मात्र घाबरू नये. आवडत्या लेखकाचे एखादे पान हाताने उतरवून काढावे आणि त्याचे वाक्य कुठे थांबते, तो काय न सांगता सोडतो, हे पाहावे. फक्त एकाच लेखकापाशी फार काळ राहू नये.

बोलीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. ‘खंय जातंस?’ एवढे लिहिले म्हणजे पात्र मालवणी होत नाही. गजाली, म्हणजे गप्पागोष्टी, सांगणारा माणूस मूळ गोष्टीकडे येण्याआधी नातीगोती, बांधावरचा तंटा आणि गेल्या जत्रेतला दशावतार असा फिरून येतो, आणि ऐकणाराही त्याला घाई करत नाही. ही चाल कानात असेल तर ती प्रमाण मराठीतल्या निवेदनातही उतरते. नाटकांमुळे मालवणी सर्वदूर पोचली म्हणून संगमेश्वर-दापोलीकडच्या मुलांनी ती उसनी घ्यावी, हे मला पटत नाही. त्यांच्या घरातली बोली वेगळी आहे आणि तिच्यात अजून पुष्कळ लिहायचे राहिले आहे.

कविता एका सुरात आणि कथा दुसऱ्याच सुरात येते, म्हणूनही गोंधळू नये. वेंगुर्ले परिसरातल्या चिं. त्र्यं. खानोलकरांनी कविता ‘आरती प्रभू’ या नावाने लिहिली, तर कादंबऱ्या आणि नाटके स्वतःच्या नावाने.

मसुदा मोठ्याने वाचावा; जीभ जिथे अडखळते, तिथे वाक्य बहुधा उसने असते. मग तो कोकणाबाहेरच्या एखाद्या वाचकाला द्यावा. तो ज्या शब्दावर अडेल, त्याचा अर्थ तळटीप न देता प्रसंगातूनच उमगेल असे पाहावे.

दिवाळी अंकासाठी लिहायचे असल्यास मजकूर पावसाळ्यातच तयार ठेवावा. संपादकाने भाषा ‘शुद्ध’ करायला सांगितली, तर निवेदनातल्या दुरुस्त्या शक्यतो मान्य कराव्यात, परंतु संवादातल्या बोलीला हात लावण्यापूर्वी त्यांच्याशी बोलून घ्यावे. कारण नीट सांगितले तर बरेच संपादक ऐकतात.