बेल्ट नवा, तरी आवाज तोच: टेन्शनर तपासताना या चुका टाळा

बारा-पंधरा वर्षांची गाडी सकाळी स्टार्ट केली की बोनेटखालून चीं करून ओरडते आणि एसी लावला की पुन्हा ओरडते. गॅरेजमध्ये ठरलेलं उत्तर मिळतं, "फॅन बेल्ट गेलाय, बदलून टाकू." बेल्ट बदलला जातो, थोडे दिवस शांततेत जातात आणि मग तोच आवाज परत येतो. अशा बऱ्याच गाड्यांत खरा दोष बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरचा असतो. तो पकडायची सगळ्यात चांगली वेळ म्हणजे जुना बेल्ट अजून चढलेला असतानाची. घाईने बेल्ट उतरवला की निम्मा पुरावा तिथेच गेला.

आधी आपल्या गाडीत ऑटोमॅटिक टेन्शनर आहे का, ते पाहा. मारुती ८०० सारख्या गाडीत अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा) बोल्ट सैल करून, अल्टरनेटर बाहेर ओढून बेल्ट ताणतात. तिथे अनेकदा नीट ताण दिला की काम होतं. पण एकच लांब, खाचांचा बेल्ट अल्टरनेटर, एसी कॉम्प्रेसर, पॉवर स्टेअरिंग पंप आणि कधी वॉटर पंपही फिरवत असेल, तर बहुधा स्प्रिंगचा टेन्शनर असतोच.

बंद इंजिनावर बोटाने बेल्ट दाबून "ताण आहे की" म्हणणे

ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते. टेन्शनरला दोन कामं असतात. स्प्रिंग बेल्ट ताणून धरते, आणि आतला डॅम्पर इंजिनाच्या धक्क्यांनी टेन्शनरचा हात (पुली धरून ठेवणारा दांडा) थरथरू नये म्हणून त्याला आवरतो. स्प्रिंगमध्ये जोर शिल्लक असताना डॅम्पर झिजून गेलेला असू शकतो. बंद इंजिनावर ते बोटाला कळणारच नाही.

म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा, इंजिन आयडलला (रेस न देता) चालू द्या आणि टॉर्च मारून लांबूनच टेन्शनरच्या हाताकडे पाहा. ओढणी, सैल बाह्या, मोकळे केस बोनेटजवळ नकोत. हाताची बारीक थरथर चालते. आता कोणाला तरी एसी लावायला सांगा. कॉम्प्रेसर लागताना हात एकदा हलून स्थिर व्हायला हवा. तो सतत मागेपुढे उड्या मारत असेल, बेल्टचा लांब भाग फडफडत असेल, आयडलला टकटक येऊन रेस दिल्यावर ती जात असेल, तर टेन्शनरवर संशय पक्का धरा.

पक्का धरा म्हणतो, निकाल मात्र देऊ नका. बऱ्याच गाड्यांत, विशेषतः डिझेलमध्ये, अल्टरनेटरची पुली एकाच दिशेने मोकळी फिरणारी असते. ती जाम झाली की तिचे धक्के टेन्शनर खातो आणि चांगला टेन्शनरही वेड्यासारखा हलतो. बेल्ट काढल्यावर अल्टरनेटरचा रोटर (आतला फिरणारा भाग) धरून ही पुली फिरवून पाहा. एका दिशेला ती मोकळी सुटली पाहिजे, दुसऱ्या दिशेला रोटरला सोबत घेऊन गेली पाहिजे. दोन्हीकडे घट्टच असेल, तर नवा टेन्शनरही लवकरच खराब होईल.

साबण किंवा स्प्रे मारून आवाज दाबणे

बेल्टला साबण घासायची सवय अजून गेलेली नाही. त्याने आवाज थोडा वेळ थांबतो, पण वर धूळ चिकटते आणि पुढच्या मेकॅनिकला खरं कारण शोधणं अवघड होतं. त्यापेक्षा बाटलीतून थोडं साधं पाणी चालत्या बेल्टच्या खाचांच्या बाजूवर उडवा. आवाज लगेच वाढला, तर ताण कमी आहे, बेल्ट घसरतोय. काही क्षण थांबून परत आला, तर पुल्या एका रेषेत नाहीत. झिजलेल्या बुशमुळे (हात ज्यावर फिरतो त्या कड्यामुळे) टेन्शनरचा हात तिरका होतो, तेव्हाही हेच घडतं. काहीच फरक पडला नाही, तर कुठल्या तरी बेअरिंगकडे वळा.

पावसाळ्यात पहिल्या स्टार्टला काही सेकंद चीं झालं आणि बेल्ट कोरडा होताच थांबलं, तर लगेच खर्चात पडू नका. कोरड्या दिवशी हेडलाइट, ब्लोअर, एसी लावून आणि स्टेअरिंग क्षणभर पूर्ण वळवून पुन्हा ऐका.

बेल्टला भेगा नाहीत म्हणून तो चांगला समजणे

जुने निओप्रीनचे बेल्ट तडकायचे. हल्लीचे ईपीडीएम रबराचे बेल्ट टायरसारखे झिजतात: भेग दिसत नाही, पण खाच खोल होत जाते आणि पकड सुटते. बेल्टची कड एकाच बाजूने उसवलेली असेल, तर हात तिरका झाल्याची ती खूण समजा.

इंजिन बंद आणि थंड झाल्यावर, चावी काढून, टेन्शनरच्या हाताच्या खाचेत किंवा बोल्टवर पाना लावून तो पूर्ण टप्प्यात फिरवा. मध्ये अडकणं, खरखर, एकदम ढिला पडणं, काहीही असेल तर टेन्शनर गेला. हात आणि बूड यांच्या फटीतून तांबूस गंजाची पूड गळलेली दिसली, तर आतला भाग झिजतोय. बेल्ट निघाल्यावर पुली बोटाने फिरवा. खरखरली तर बेअरिंग गेलं. एकदा ढकलल्यावर आवाज करत बराच वेळ भिरभिरत राहिली, तर ग्रीस संपलंय.

नुसती पुली बदलायचा सल्ला मिळतो. हात सरळ आणि हालचाल मऊ असेल तर ते चालतं. गाडी लाख-सव्वा लाख किलोमीटर धावलेली असेल तर पूर्ण टेन्शनरच घ्या. काही पुल्यांचा बोल्ट उलट्या आट्यांचा असतो, जोर लावण्याआधी बघा. जुना टेन्शनर उघडून स्प्रिंग काढायला मात्र जाऊ नका, तिच्यात तुमच्या हाताला गंभीर इजा करण्याइतका जोर असतो.

बेल्टची लांबी "चालेल" म्हणून स्वीकारणे

बेल्टवर ६ पीके १७८० असं काही छापलेलं असतं: सहा खाचा, लांबी १७८० मिलिमीटर. दुकानात जवळच्या मापाचा बेल्ट दिला, तर स्प्रिंग चुकीच्या जागी काम करते. अनेक टेन्शनरवर दोन टोकांच्या खुणा आणि एक काटा असतो. बेल्ट बसवल्यावर काटा दोन्ही खुणांच्या आत हवा.

बेल्टवर ऑइल किंवा कूलंट गळत असेल तर आधी गळती बंद करा, नाहीतर नवा बेल्टही घसरणार. चार्जिंगही मोजा. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसावेत. एसी आणि हेडलाइट लावल्यावर आकडा १३ च्या खाली जाऊन त्याच वेळी बेल्ट ओरडत असेल, तर बेल्ट घसरतोय. आणि चालत्या गाडीत बॅटरीचा दिवा लागून स्टेअरिंग अचानक जड झालं, तर गाडी बाजूला घेऊन लगेच बंद करा. वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर इंजिन तापायला फार वेळ लागत नाही.