यूएफच्या चाचण्या तोलायला बसण्याआधी

यूएफ म्हणजे अल्ट्राफिल्ट्रेशन, बारीक पोकळ धाग्यांच्या (फायबरांच्या) भिंतीतून, म्हणजे मेंब्रेनमधून, पाणी गाळणं. फायबर कुठे तुटलाय का ते बघायच्या इथे दोन पद्धती: हवा भरून दाब उतरतो का बघायची प्रेशर डिके, आणि गाळलेल्या पाण्याचा गढूळपणा मोजणारा टर्बिडिटी मीटर. कुठली बरी ते तोलण्याआधी काय पकडायचंय ते ठरवा. 1993 मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीत नळाच्या पाण्यातून क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब लावणारा परजीवी पसरला, सुमारे 4 लाख लोक आजारी पडले. हा जीव 4 ते 6 मायक्रॉनचा असतो. म्हणून तिकडच्या 2006 च्या नियमात थेट चाचणीला (मेंब्रेनच तपासणारी, प्रेशर डिकेसारखी) 3 मायक्रॉनचं भोक दिसलं पाहिजे, आणि ती साधारणपणे रोज व्हायला हवी. तेच माप धरून चला.

मग हवेचा दाब काढा. ओल्या 3 मायक्रॉन भोकातून पाणी ढकलून बुडबुडा काढायला जवळपास 1 बार लागतो. वर पाण्याची उंची मिळवा. दोन मीटर पाणी असेल तर 0.2 बार जास्त. मेंब्रेनला किती दाब सोसतो ते उत्पादकाच्या कागदात बघूनच कॉम्प्रेसरला हात लावा. गेज मिलिबार दाखवणारं हवं. काट्याचं जुनं गेज इथे कुचकामी.

आता सगळ्यात चुकणारी गोष्ट. मॉड्यूल (फायबरांचा जुडगा भरलेली नळी) बंद ठेवून नुसत्या पाइपलाइनमध्ये हवा भरा आणि दाब टिकतो का बघा. आम्ही एकदा अख्खी दुपार मॉड्यूलला शिव्या घातल्या आणि फुसफुसत होता ड्रेनचा व्हॉल्व्ह. साबणाचं पाणी आणि ब्रश जवळ असू द्या. दाब धड मेंब्रेनमध्येही थोडा उतरतोच, कारण हवा पाण्यात विरघळून पलीकडे जाते. म्हणून स्वच्छ, नव्या मॉड्यूलचा आकडा तापमानासकट लिहून ठेवा.

टर्बिडिटी मीटर चोवीस तास चालू असतो, ही त्याची जमेची बाजू. त्याच अमेरिकी नियमात गढूळपणा 0.15 एनटीयूच्या (गढूळपणाचं एकक) वर सलग 15 मिनिटं गेलं की थेट चाचणी करायची. पण हजारो फायबरांत एक तुटला तर त्याचं गढूळ पाणी बाकीच्यात विरून जातं आणि मीटर ढिम्म. माझा भरवसा प्रेशर डिकेवरच जास्त. तरी तोंडी वाद नको, एक जुना मॉड्यूल मागून घ्या, पुरवठ्यापासून तोडा आणि आधी एक, मग तीन फायबर कापून दोन्ही पद्धती चालवा.

आरओला हे जसंच्या तसं लागू नाही. तिथे व्हेसलगणिक (मेंब्रेन ठेवलेल्या प्रत्येक नळकांड्यामागे) कंडक्टिव्हिटी, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचा अंदाज देणारी विद्युतवाहकता, मोजा.

शेवटी तुटका फायबर शोधायला टॉर्च आणि मार्कर, आणि त्याचं तोंड बंद करायला पिना. हवा भरलेली असताना मॉड्यूलवरच्या पाइपच्या पारदर्शक तुकड्यात बारीक बुडबुड्यांची माळ सुटली की मॉड्यूल सापडला. तो उघडून तोंडावर पाणी घाला, बुडबुडा येईल त्या फायबरवर लगेच खूण करा. नजर हलली की तो परत सापडत नाही.