आधी स्टूल ओढा
2019 पासून एमबीबीएसला संवादाचे धडे आले, पण माझ्या इंटर्नना मी ते कॅज्युअल्टीतच देतो. रावेरकडून केळीच्या बागेत साप चावलेला गडी येतो, मागे गाडीभर माणसं. ‘इंजेक्शन का देत नाही?’ ‘शांत बसा’ म्हणालात की भडका उडालाच. गर्दीतला म्हातारा हेरा, स्टूल ओढा, स्वतःही बसा. दाराची बाजू मात्र तुमची, वेळ आलीच तर बाहेर पडता यावं. ‘काय व्हयनं, आबा?’ मोडकी अहिराणी चालते. पुरतं बोलू द्या. मग काचेची नळी दाखवा: ‘हे त्याचं रक्त. 20 मिनिटं हलवायचं नाही. गोठलं नाही तर विष भिनलंय, लगेच औषध.’ (लक्षणं दिसत असली तर थांबायचंच नाही.) घड्याळ आबांकडे द्या. बाकीच्यांना मग तेच गप्प करतात.