अनेक नोकऱ्यांचं आयुष्य कागदावर कसं उतरवावं

शाळा संपल्यापासून मी छापखान्यात खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवले, टेलिफोनच्या बोर्डावर बसले, गोदामात मालाच्या नोंदी ठेवल्या, शिकवण्या घेतल्या, डेटा एन्ट्री केली आणि शेवटची बरीच वर्षं मुद्रितशोधन केलं. हे सगळं लिहून काढायला घेतलं तेव्हा हळूहळू एक रीत बसत गेली. तुमचंही आयुष्य असंच या कामातून त्या कामात गेलं असेल, तर ती तुमच्या उपयोगी पडेल.

सालांपासून सुरुवात करू नका. बरेच जण शाळा सोडल्याचं साल वहीत टाकतात आणि तिसऱ्या ओळीलाच अडतात. विलेम वागेनार नावाच्या डच मानसशास्त्रज्ञाने सहा वर्षं स्वतःच्या आयुष्यातल्या घटना टिपून ठेवल्या. काय घडलं, कोण होतं, कुठे आणि कधी, अशा चार बाजूंनी तो नोंद करायचा. पुढे त्याने स्वतःच्याच आठवणींची परीक्षा घेतली आणि १९८६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ‘काय’ या धाग्याने आठवणी सर्वांत चांगल्या वर आल्या. नुसत्या ‘कधी’ने जवळपास काहीच हाती लागलं नाही. म्हणून प्रत्येक कामाला एक कोरं पान द्या आणि आधी एवढंच लिहा: हातात काय असायचं? शेजारी कोण बसायचं? उजेड कुठून यायचा?

माझं छापखान्याचं पान असं सुरू झालं. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायचा छोटा धातूचा साचा. नजर मजकुरावर, उजवा हात केसच्या, म्हणजे खिळ्यांच्या पेटीच्या, खणांवर. कुठलं अक्षर कुठल्या खणात, ते हातालाच पाठ. खिळ्यावरचं अक्षर आरशातल्यासारखं उलटं, तेही वाचायची सवय होते. ओळ भरत आली की शब्दांमध्ये स्पेस घालून ती घट्ट बसवायची, नाहीतर उचलताना सगळी ओळ हातात विस्कटते. छपाई झाली की तेच खिळे धुऊन एकेक करत आपापल्या खणात परत टाकायचे. एवढं लिहून होईतो शेजारच्या केसवर उभी राहणारी बाई आठवली, तिच्या मागोमाग यंत्राचा आवाज, आणि मग पहिल्या पगाराचं पाकीट.

पानं भरू लागली की एक मोठा कागद आडवा घ्या. वर सालांचे रकाने पाडा. खाली एक ओळ कामाची, एक घर कुठे होतं त्याची, एक घरातल्या माणसांची. समाजशास्त्राचे अभ्यासक मुलाखती घेताना असाच तक्ता वापरतात, कारण एका ओळीतली गोष्ट दुसरीतल्या गोष्टीला जागेवर आणते. जगातल्या मोठ्या घटनाही त्यावर टाका. १९८६ चा हॅलेचा धूमकेतू आला तेव्हा तुम्ही कुठे कामाला होता? ३१ डिसेंबर १९९९ ला संगणक बंद पडतील म्हणून धावपळ चालली होती, ती कोणत्या कचेरीत पाहिली? मार्च २०२० मध्ये? एक सावधगिरी बाळगा: लांबच्या घटना आपल्याला असतात त्यापेक्षा अलीकडच्या वाटतात. मनातलं साल पेन्सिलीने लिहा, कागद सापडला की शाईने.

कागद म्हणजे नेमणुकीचं पत्र, पगाराची चिठ्ठी, अनुभवाचा दाखला, बँकेच्या पासबुकातल्या पगाराच्या नोंदी. जुने फॅक्स आणि थर्मल कागदावरच्या पावत्या उष्णतेने, उजेडाने फिक्या पडतात. त्यांचे फोटो आजच काढा, बाकीचं नंतर.

जुन्या सोबत्यांना फोन करा, पण ‘कोणत्या साली गं?’ असं विचारू नका. ‘आपलं टेबल दारापासून कितवं होतं?’ असं विचारा. दोघींच्या हकिकती जुळल्या नाहीत तर दोन्ही लिहा, कोणाची कोणती तेही लिहा.

पुढे एक अडचण हमखास येते. वयाच्या दहापासून तिशीपर्यंतच्या आठवणी माणसाजवळ सर्वांत दाट असतात, म्हणून पहिल्या नोकऱ्यांची पानं भराभर भरतात आणि नंतरची कोरी राहतात. मुद्रितशोधनाच्या वर्षांबद्दल मला सुरुवातीला दोन वाक्यंसुद्धा सुचेनात. एकसारखे दिवस आठवणीत एकमेकांत मिसळून जातात. ते सोडवायचे तर वेगळे पडलेले दिवस शोधा: पहिला, शेवटचा, यंत्र किंवा साहेब बदलला तो, काम अंगावर आलं तो. मला कागदावरची प्रुफं थांबून पडद्यावर वाचायला लागले तो आठवडा सापडला, आणि तिथून पुढे लिहिता आलं.

पगार नसलेली वर्षं गाळू नका, हे मी कळकळीने सांगते. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा मी नोकरी सोडली. त्या वर्षांचंही एक पान आहे: औषधांच्या वेळांचा भिंतीवरचा तक्ता, रात्री दर दोन तासांनी कूस बदलणं, पाठीला जखम झाली नाही ना ते पाहणं. गोदामातल्या कामाइतकंच ते कसबाचं काम होतं, आणि लिहितानाही तितक्याच बारकाईने लिहायला हवं.

एखाद्या ठिकाणी अन्याय झाला असेल, तर काय ठरलं होतं आणि काय मिळालं ते तारखेसह मांडा. विशेषणांची गरज पडत नाही.

सगळी पानं झाली की क्रियापदांखाली रेघा मारा. पदांची नावं फसवी असतात. ‘कारकून’ या एका नावाखाली दहा वेगळी कामं चालतात. माझ्या पानांवर वेगवेगळ्या जागी एकच गोष्ट निघाली. गोदामात बिन कार्डावरचा, म्हणजे त्या मालाच्या आवक-जावकीच्या कार्डावरचा, आकडा आणि मांडणीवरचा माल ताडून पाहायचा. डेटा एन्ट्रीत एकच अर्ज दोघी टाइप करायच्या आणि फरक पडला की मूळ कागद काढायचा. मुद्रितशोधनात तर हस्तलिखित आणि प्रूफ समोरासमोरच असतं. दोन गोष्टी शेजारी ठेवून त्यांचा मेळ बसवणं, हे मी इतकी वर्षं करत आले होते आणि ते मला लिहिल्यावरच दिसलं. तुमच्या पानांतून असा धागा निघालाच पाहिजे असं नाही. ओढूनताणून काढू नका. कामं वेगवेगळी होती, तर ती वेगवेगळीच राहू द्या.

पहिला खर्डा घरातल्या तरुण माणसाला वाचायला द्या. समास रुंद सोडा. माझ्या पुतणीने टेलिफोनच्या बोर्डापाशी ‘कॉर्ड कुठे खुपसायची?’ असं लिहून ठेवलं, म्हणून मी त्या पानावर बोर्डाचं चित्र काढलं. तिचे आणखी प्रश्न समासात आहेत. सध्या त्यांची उत्तरं लिहिते आहे.