वहाळावरच्या लाकडी साकवाची मजबुती

रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो, त्यामुळे बागेतल्या वहाळावरच्या (ओढ्यावरच्या) साकवाचे, म्हणजे छोट्या लाकडी पुलाचे, काम शिमगा आटोपल्यावर हाती घेऊन मृग लागण्याच्या बऱ्याच आधी पुरे करावे. चिऱ्यांचे, म्हणजे जांभ्या दगडाचे, बांधकाम करायचे असेल तर ते सर्वांत आधी उरकावे, म्हणजे त्यावर पाणी मारायला पुरेसे दिवस मिळतात.

साकव मधोमध झुकलेला दिसतो म्हणून बहुतेक जण मध्येच टेकू देतात. माझ्या मते ही सुरुवातच चुकीची आहे. मधला भाग उघडा असल्यामुळे पावसानंतर लवकर सुकतो. लाकूड कुजते ते तुळईच्या टोकांशी, जिथे ती काठावर टेकलेली असते. जांभा सच्छिद्र असल्याने पाणी धरून ठेवतो, त्यात वरून माती आणि पालापाचोळा साचला की टोक पावसाळा संपल्यावरही बराच काळ ओले राहते. म्हणून आधी दोन्ही टोके मोकळी करून साफ करावीत आणि टोच्या किंवा जुना पेचकस लाकडात दाबून पाहावा. ऐन किंवा किंजळ या झाडांच्या चांगल्या लाकडात तो जेमतेम शिरतो; सहज आत गेला आणि बाहेर काढताना तपकिरी भुसा आला, तर ते टोक कामातून गेले असे समजावे. हातोडीने ठोकत गेल्यास वाळवीने पोखरलेला भाग बद्द आवाजावरून ओळखता येतो. माडाचे खोड वापरले असेल तर अधिक सावध राहावे, कारण त्याची ताकद बाहेरच्या काळपट, टणक थरात असते. तो थर ठिसूळ झाला की आतल्या भुसभुशीत गाभ्याच्या भरवशावर राहता येत नाही.

टोके कुजलेली नसतील आणि तुळई नुसतीच वाकली असेल, तर तिच्या कुशीला दुसरी तुळई जोडावी. ही जोडतुळई या काठापासून त्या काठापर्यंत अखंड असली पाहिजे आणि दोन्हीकडे किमान 20 सेंटिमीटर टेकली पाहिजे. मधल्या भागापुरता मारलेला तुकडा साकवाचे वजन वाढवतो, टोकांवरचा भार मात्र कमी करत नाही. तुळई नेहमी उभी बसवावी. 100 मिमी बाय 200 मिमीची तुळई आडवी घातली तर तिची ताकद निम्मी होते आणि कडकपणा चौथ्या हिश्श्यावर येतो. जुनी तुळई जॅकने हळूहळू उचलून शक्य तेवढी सरळ करावी. जॅकखाली रुंद फळी घालावी, नाहीतर तो वहाळाच्या वाळूत रुततो. मग 12 मिमीचे गॅल्व्हनाइज्ड बोल्ट साधारण अर्ध्या मीटरवर, एक वर एक खाली असे, दोन्ही बाजूंना मोठे वॉशर घालून आवळावेत. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात साधे खिळे लवकर गंजतात. लाकूड ओले असेल तर ते सुकताना आकसते, म्हणून दिवाळीनंतर बोल्ट पुन्हा एकदा आवळावेत.

साग, ऐन, किंजळ यांसारखी झाडे स्वतःच्या जमिनीत असली तरी तोडण्यापूर्वी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 नुसार परवानगी घ्यावी लागते.

तुळई परत बसवताना चिऱ्यावर काळ्या दगडाची सपाट फरशी आणि तिच्यावर डांबरी फेल्टचा तुकडा ठेवावा. टोकाच्या मागे मातीपासून चार बोटे मोकळी जागा सोडावी, म्हणजे तिथे वारा खेळतो. तुळयांच्या माथ्यावरही फेल्टची पट्टी घालून मगच फळ्या ठोकाव्यात आणि दोन फळ्यांत सुमारे 10 मिमी फट ठेवावी. काजूच्या टरफलांचे तेल लाकडाला उत्तम, पण अंगाला लागले तर फोड येतात, तेव्हा हातमोजे घालूनच ते लावावे. जळके इंजिन ऑइल मात्र लावू नये. ते पावसात धुपून वहाळात आणि तिथून खालच्या विहिरींकडे जाते.

पाण्याकडे लाकडाइतकेच लक्ष द्यावे. गेल्या पुरात काठच्या झुडपांना कुठवर काटक्या अडकल्या ते पाहावे आणि तुळईचा तळ त्या खुणेच्या किमान फूटभर वर राहील इतके काठाचे बांधकाम उचलावे. प्रवाहात खांब उभा केला की त्याला झावळ्या आणि ओंडके अडकतात आणि तुंबलेले पाणी काठ पोखरते. पाया उघडा पडलाच असेल तर तारेच्या जाळीत काळा दगड भरून तो पायथ्याशी रचावा, पण त्यासाठी वहाळाचे पात्र अरुंद करू नये. लाकूड तरंगते, त्यामुळे एका टोकाला साखळी अडकवून ती काठावरच्या भक्कम झाडाला बांधावी. पाणी चढून साकव उचलला गेलाच तर तो त्या काठाला येऊन लागतो.

शेवटी वजन घालून परीक्षा करावी. साकवाखाली कोणालाही उभे राहू न देता, दोन्ही काठांवर रोवलेल्या खुंट्यांना दोरी ताणून मधल्या तुळईवर खूण करावी आणि 50 किलोच्या वाळूच्या गोणी एकेक करून मधोमध रचत जावे. पायी येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी असलेल्या चार मीटरच्या साकवावर दहा गोण्या ठेवल्यावर झुकाव 13 मिमीच्या आत असावा आणि गोण्या काढल्यावर खूण जवळजवळ मूळ जागी यावी. ती आली नाही तर प्रथम टोकांची बैठक आणि बोल्ट तपासावेत. पॉवर टिलर किंवा चारचाकी न्यायची असेल तर ही परीक्षा पुरेशी नाही; त्यासाठी अभियंत्याकडून आराखडा करून घ्यावा.